पासवर्डबाईने छापखाना थांबवला

आमच्या छापखान्यात औषधांची लेबलं छापतात. बाटलीवर चिकटवलेली लेबलं, आणि खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद, जो कोणीच वाचत नाही असं लोक म्हणतात. मी वाचते. तेच माझं काम आहे. छपाईआधी प्रत्येक अक्षर, प्रत्येक टिंब मी तपासते, म्हणून तिथे मला सगळे प्रूफबाई म्हणतात. माझ्या धाकट्या मुलीला, जिला आम्ही घरात बारकी म्हणतो, तिथे पासवर्डबाई म्हणतात. हे तिच्याबद्दल आहे.

बारकी तिथले कंप्युटर सांभाळते. ‘सांभाळते’ हा शब्द प्लेटकाकांना मान्य नाही. प्लेटकाका म्हणजे छपाईच्या पत्र्याच्या प्लेटा काढणारे आमचे जुने कारागीर. ते म्हणतात, “सांभाळते कसली, छळते.” झालं असं की बारकीने आल्या आल्या प्रत्येकाला वेगळा पासवर्ड घ्यायला लावला. त्याआधी सगळ्या छापखान्याचा मिळून एकच होता आणि तो चहावाल्यालासुद्धा ठाऊक होता. काकांनी आपला नवा पासवर्ड विसरू नये म्हणून मशीनच्या पाठीवर खडूने लिहून ठेवला. बारकीने तो ओल्या फडक्याने पुसला. काकांनी पुन्हा लिहिला. तिने पुन्हा पुसला. शेवटी काका म्हणाले, “पोरी, तू लग्न केलंस तर नवऱ्यालाही दारात पासवर्ड विचारशील.”

“विचारीन ना. आणि भिंतीवर लिहून ठेवणारा असेल तर दारातूनच परत.”

तिला असं उलट बोलताना ऐकलं की मला बरं वाटायचं, कारण त्याआधी जवळजवळ वर्षभर ती बोलतच नव्हती.

ती पूर्वी एका हिशेबनिसाच्या ऑफिसात होती. लोकांचे हिशेब, कराची कागदपत्रं, पगारपत्रकं, सगळं तिथल्या कंप्युटरवर. एक दिवस एका ग्राहकाची म्हणून फाइल आली. ती उघडताना पडद्यावर सूचना आली की ही फाइल धोक्याची वाटते, तरी उघडायची का? बारकी थांबली. ग्राहक फोनवर होता आणि साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. “दाब ना, काय बघत बसलीस?” ते म्हणाले. तिने दाबलं. संध्याकाळपर्यंत ऑफिसातली एकही फाइल उघडेना. प्रत्येकीवर कुलूप आणि किल्लीसाठी पैशांची मागणी. “तिने दाबलं,” असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. दाबायला कोणी सांगितलं, ते साहेब बोलले नाहीत. बारकीनेही तोंड उघडलं नाही. ते ऑफिस पुढे बंदच पडलं.

त्यानंतर ती घरी बसली. विजेचं बिल भरायलाही कंप्युटरला हात लावेना, बाबांना सांगायची. दाराची कडी लावून झोपायची, मग उठून पुन्हा बघायची. आईला दिसतं ते सगळं. मुलीच्या हातून कप फुटला तर आपण म्हणतो, जाऊ दे गं. हे कसं जाऊ द्यायचं, ते मला कळत नव्हतं. शेवटी मीच आमच्या मालकांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, “प्रूफबाई, तुमची मुलगी म्हणून घेतो. पण कायम नंतर. आधी काम बघणार.”

मालकांना अशा माणसाची गरज होती, कारण त्यांचं तोंड एकदा पोळलेलं होतं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी पेनड्राइव्हमधून असाच एक रोग आमच्याकडे आणला आणि मंजूर झालेल्या लेबलांच्या सगळ्या फायली गेल्या. त्या पुन्हा बनवताना मी डोळे फुटेस्तोवर वाचत होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे मालक त्यातले नव्हेत. ते भांड्याला बोट लावून बघतात, अजून गरम आहे का म्हणून.

त्यांचं सगळंच तसं. कागदाचा नमुना आला की ते आधी फाडणार. शाई आली की अंगठ्याला थुंकी लावून घासणार. विक्रेत्याने कितीही तक्ते दाखवले तरी म्हणणार, “ते ठेव बाजूला. फाडून बघितल्याशिवाय मी कागद घेत नाही.” छापखान्यात ही चांगलीच सवय आहे. तीस वर्षं ती त्यांच्या उपयोगी पडली.

तर मालकांनी बारकीला काम दिलं: छापखान्यासाठी कंप्युटरचं संरक्षण करणारं सॉफ्टवेअर निवडायचं. दोन कंपन्यांची नावं पुढे होती. दोघींनी महिनाभर फुकट वापरायला दिलं होतं. बारकीने अर्ध्या कंप्युटरांवर एक घातलं, अर्ध्यांवर दुसरं. एकाचं चिन्ह लाल, दुसऱ्याचं निळं. नावं इतकी अवघड होती की सगळे लाल आणि निळीच म्हणायला लागले. प्लेटा काढायच्या खोलीत आणि चित्रकारांकडे लाल. माझ्या वाचनाच्या खोलीत आणि ऑफिसात निळी.

यात निवडायचं काय असतं, हे मी तिला जेवताना विचारलं होतं.

“आई, जुना अँटीव्हायरस म्हणजे दारावरचा वॉचमन. हातात चोरांचे फोटो. फोटोतला आला तर धरणार, नवा आला तर सलाम ठोकणार. आता जे घ्यायचंय ते घरातही फिरतं. कोण कुठल्या कपाटाशी घुटमळतंय, कोण एकदम सगळे डबे उघडायला लागलंय, ते बघतं. आणि प्रत्येक खोलीची खबर एका जागी आणून देतं.”

“म्हणजे तुझी आई,” हिचे बाबा म्हणाले.

बारकीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मी रागावल्याचं दाखवलं, पण मनात म्हटलं, रोज असलीच चेष्टा करा बाबांनो.

छापखान्यात मात्र निकाल आधीच लागल्यासारखा होता. लाल भांडखोर होती. ग्राहकाने पेनड्राइव्ह लावला की ती प्रत्येक फाइल हुंगत बसायची. एकदा तर तिने अक्षरांचे ठसे बसवणारं आमचंच जुनं सॉफ्टवेअर चोर म्हणून धरलं आणि चित्रकारांचा अर्धा दिवस गेला. काकांचं मशीन तिच्यामुळे धापा टाकायचं. निळी हलकी. आहे की नाही कळायचंही नाही. “एक सून कजाग, एक गुणाची,” काका म्हणायचे, “आणि पोरी, तू अजून विचार करतेस?”

“गुणाची आहे की मुकी, ते बघतेय, काका.”

त्या आठवड्याच्या शेवटी मालक दोन गोष्टी ठरवणार होते: लाल की निळी, आणि बारकी कायम की नाही. त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. मला जेवण जात नव्हतं. बारकी मात्र वरवर शांत होती. फक्त दाराची कडी पुन्हा एकदा बघायला लागली होती.

सोमवारी मालकांनी तिला विचारलं, “यातली कोणती पकडते?”

“दोन्ही पकडतात, साहेब. फरक दुसऱ्या गोष्टींत आहे.”

“हे विक्रेत्याचं बोलणं झालं. खरा व्हायरस घाल आणि दाखव. माझ्याकडे आहे तो.” खरंच होता. ज्या पेनड्राइव्हने पूर्वी घात केला होता, तो त्यांनी खणात डबीत घालून ठेवला होता. साप मारल्यावर कुणी कात जपून ठेवावी तसा.

बारकीने हात पुढे केला. “साहेब, तो आधी माझ्याकडे द्या. औषध चांगलं आहे का बघायला कोणी विष पितं का?”

“मग काय, जाहिरात वाचून ठरवू?”

“एक जुना लॅपटॉप आहे, कशालाच न जोडलेला. त्याच्यावर गुरुवारी दाखवते. दोन्ही, एकापाठोपाठ. कामाच्या कंप्युटरला तो लावायचा नाही.”

मालक “बरं बरं” म्हणाले. पण डबी काही तिला दिली नाही.

बुधवारी मोठं काम होतं. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं लेबल, आणि औषध कंपनीचा तपासनीस स्वतः येऊन बसला होता. पहिली प्रत हातात घेऊन, सही करून, मगच जाणार. बारीक मिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने बसल्या बसल्या फक्त एक वाक्य म्हटलं होतं, “दुसरा छापखानाही आम्हाला नमुने पाठवतोय.” तेव्हापासून मालकांचा पाय टेबलाखाली हलत होता. काकांची पहिली प्लेट निघत होती. मी माझ्या खोलीत शेवटचं वाचन संपवत होते.

तेवढ्यात मालक आत आले. हातात पेनड्राइव्ह.

“प्रूफबाई, जरा सरका.”

“साहेब, बारकीने सांगितलंय ना...”

“तुमची बारकी गुरुवार म्हणते. त्या माणसाने आत्ताच मला विचारलं, तुमच्या फायली सुरक्षित आहेत का. त्याला काय सांगू, गुरुवारी या? एका मिनिटाचं काम. तुमच्याकडे निळी आहे ना? मग ओरडू दे तिला.”

मी खुर्चीतून उठायच्या आतच त्यांनी हात लांब करून पेनड्राइव्ह लावला.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. निळं चिन्ह कोपऱ्यात होतं तिथे शांत होतं. मालकांनी माझ्या लेबलांची एक फाइल उघडून बघितली, मग दुसरी. तरी काही नाही. “बघा,” ते म्हणाले, पण त्यांनाही कळेना की काय बघा. निळीने चोर गुपचूप धरला, की चोर तिच्या समोरून आत गेला?

बारकी दारात उभी होती. काकांच्या खोलीतून माझ्याकडे काहीतरी विचारायला आली होती. तिची नजर पेनड्राइव्हवर गेली.

“काय लावलंत?”

“तोच,” मालक म्हणाले. “आणि काही झालेलं नाही.”

तिने पुढे काही विचारलं नाही. वळली आणि धावत सुटली. बोळाच्या टोकाला भिंतीवर लोखंडी कपाट आहे, सगळ्या खोल्यांच्या वायरी तिथे येतात. तिने कपाट उघडलं आणि सगळे कंप्युटर एकमेकांना जोडणारा डबा असतो, त्याची वायर उपटली. मग शेजारच्या सर्व्हरची. सर्व्हर म्हणजे जिथे आमची सगळी मंजूर लेबलं ठेवलेली असतात तो कंप्युटर. एका क्षणात आख्ख्या छापखान्याचा श्वास अडकल्यासारखं झालं. मशीनांचा आवाज चालू होता, पण पडदे सगळे गोठले. काकांची प्लेट अर्धी निघून थांबली.

“कोण मेलं?” काका आतून ओरडले.

“अजून कोणी नाही, काका. कशाला हात लावू नका.”

ती माझ्या खोलीत परत आली तेव्हा हातात दोन्ही वायरी होत्या. मालकांचा आवाज चढला होता.

“वेड लागलंय का तुला? तिकडे माणूस बसलाय! काही झालेलं नाही म्हणतोय ना मी!”

“काही झालं नाही, की काही दिसलं नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही, साहेब. तेवढं बघू द्या.”

“जोड ते.”

“नाही.”

मालकांना कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही माझ्या मुलीच्या तोंडून. तिने वायरी हाताभोवती गुंडाळून घेतल्या. तपासनीस आवाज ऐकून बोळात येऊन उभा राहिला होता. मालक तिच्या पाठीमागे उभे होते, अगदी तसेच, जसे त्या हिशेबाच्या ऑफिसातले साहेब उभे असतील. माझ्या ओठांवर आलं होतं, जोड गं बाई, नोकरी जाईल. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

बारकी माझ्या कंप्युटरसमोर बसली. तिने एक छोटी फाइल बनवली, तीत एकच ओळ. या धंद्यातल्या लोकांनी ठरवलेली ती ओळ असते. तिच्यात अपाय काही नाही, पण ती दिसली की प्रत्येक संरक्षकाने चोर म्हणून ओरडायचं असा करार आहे. आग विझवणाऱ्यांच्या सरावात जळता बोळा टाकतात ना, तसं. तिने ती फाइल ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

निळी गप्प.

तिने फाइल उघडली. निळी गप्प.

“ही झोपलीय,” बारकी म्हणाली. इतक्या हळू, की मालकांनी “काय?” म्हणून विचारलं. “साहेब, या कंप्युटरवर निळी झोपलेली आहे. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये जे असेल ते अडवायला इथे कोणीच नव्हतं.”

आता मालकांचा आवाज खाली आला. ते माझ्या टेबलाच्या कडेला टेकले. सगळ्या फायली पुन्हा गेल्या तर काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तपासनीस पुढे झाला. “किती वेळ लागेल?”

“ठाऊक नाही,” बारकी म्हणाली.

“साधारण?”

“साधारण सांगितलं तर खोटं सांगितल्यासारखं होईल.”

मी डोळे मिटले. अगं, अंदाजाने काहीतरी सांगायचं, माणूस जातोय!

तो गेला नाही. पण दारात उभा राहून सारखा घड्याळात बघत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

बारकीने पेनड्राइव्ह काढून आपल्या त्या एकट्या लॅपटॉपला लावला. त्याच्यावर तिने लाल घातली होती. लाल हुंगू लागली. एकेक फाइल.  काका आपल्या खोलीच्या दारात अर्धी प्लेट हातात धरून उभे होते, जणू अर्धवट भाजलेली भाकरी. पडद्यावरची हिरवी रेघ सरकत होती आणि बारकी तिच्याबरोबर पुढे वाकत होती.

रेघ संपली. काही सापडलं नाही.

तिने पुन्हा सगळं तपासलं, वेगळ्या पद्धतीने. आतल्या फायली एकेक उघडल्या. यंत्रांच्या कुठल्याशा प्रदर्शनातले फोटो. मालक एका मोठ्या मशीनला टेकून उभे. मालक दुसऱ्या मशीनला टेकून उभे.

“साहेब, हा तो नाही.”

 मालक केबिनमध्ये गेले आणि डबी घेऊन आले. डबीत आणखी एक पेनड्राइव्ह होता, तसाच काळा, तेवढाच. दोन्ही एकत्र ठेवले होते. घाईत त्यांनी चुकीचा उचलला होता. बारकीने दुसरा लॅपटॉपला लावला, आणि लाल अशी किंचाळली की काकांच्या हातातली प्लेट खाली पडली.

कुणीच हसलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथे फांदी तुटली नाही, एवढंच. हात अर्धा इंच डावीकडे गेला असता तर आख्खा छापखाना पुन्हा कुलपात गेला असता.

मालकांनी सुस्कारा सोडला आणि लगेच त्यांना कुणावर तरी घसरायचं होतं. ते तपासनिसाकडे वळून म्हणाले, “बघा, ही निळी फसवी निघाली. बरं झालं, घ्यायच्या आधीच कळलं. हिला आजच परत पाठवू.”

वाट मोकळी होती. बारकीने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. मी तेच मनात म्हणत होते.

“साहेब, निळीची चूक अर्धी,” ती म्हणाली. “अर्धी माझी आहे.”

“म्हणजे?”

“या कंप्युटरवर आधी जुना अँटीव्हायरस होता, मुदत संपलेला. मी तो काढला. पण तो पूर्ण निघायला कंप्युटर एकदा बंद करून चालू करावा लागतो. आपल्याकडे कंप्युटर कोणी बंद करत नाही. घरी जाताना फक्त पडदा बंद करतात, कारण सकाळी तो उठायला वेळ लावतो. हे मला माहीत होतं. तरी तो बंद झाला होता का, हे मी परत येऊन बघितलं नाही. जुना अर्धवट आत राहिला. निळीला वाटलं, दुसरा पहारेकरी आहे, म्हणून तिने अंग टाकलं. आणि तो जुना तर केव्हाच मेलेला.”

“आणि तुझी लाल?”

“अशाच एका कंप्युटरवर लाल आत यायलाच तयार नव्हती. आधी त्याला घालवा म्हणाली. तेव्हा मी चिडले होते तिच्यावर. तेव्हाच बाकीच्या खोल्या जाऊन बघायला हव्या होत्या. नाही बघितल्या.”

मालकांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तपासनिसाने विचारलं, “आता चालू करता येईल?”

“प्रूफबाईंचा कंप्युटर सोडून, हो. तो मी धुऊन काढल्यावरच.”

तिने वायरी जोडल्या. लेबल दुपार उलटल्यावर निघालं. तपासनिसाने पहिल्या प्रतीवर सही केली. जाताना मालकांना एवढंच म्हणाला, “उशीर झाला हे मला वर कळवावं लागेल.” पुढचं काम देणार की नाही, त्याबद्दल अक्षर नाही.

त्या दिवशी घरी येताना बारकी भराभर पुढे चालत होती. मी शेवटी म्हटलंच, “तुझी चूक होती ते सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का?”

“मग कधी सांगायचं होतं, आई? कायम झाल्याचं पत्र हातात पडल्यावर?”

 मागच्या वेळी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि बोललं नव्हतं, हे तिच्याइतकं मला थोडंच भोगावं लागलं होतं. पण आईचं मन म्हणतं, जगातल्या सगळ्यांनी खरं बोलावं, माझ्या लेकीने या एका आठवड्यापुरतं थोडं थांबावं.

शुक्रवारी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला काचेची भिंत आहे आणि दार नीट लागत नाही. मी हातात वाचून झालेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर उभी राहिले. त्या गठ्ठ्याचं तिथे काही काम नव्हतं. काकाही पाण्याच्या पिंपाशी आले होते, आणि एकाच पेल्यातून फार वेळ पाणी पीत होते.

“कोणती?” मालकांनी विचारलं.

“लाल. ती जास्त पकडते म्हणून नाही. महिन्याभरात पकडण्यात दोघी सारख्याच निघाल्या. पण लाल बंद पडली, झोपली, कोणी तिला गप्प केलं, तर ते माझ्या पडद्यावर येतं. निळीच्या यादीत प्रूफबाईंचा कंप्युटर शेवटपर्यंत ठीक म्हणूनच दिसत होता. मला भांडणारी चालेल. झोपली तरी जागी दिसणारी नको.”

“काकांचं मशीन धापा टाकतं त्याचं काय?”

“प्लेट निघत असताना तिने मोठी तपासणी करायची नाही, असं तिला सांगता येतं. सुट्टीच्या वेळात करेल. पण प्लेटांच्या सगळ्या फायलीच तपासणीतून वगळा, असं काका म्हणतात, ते होणार नाही.”

पिंपाशी काकांनी पेला आपटला.

 मालक म्हणाले, “तू माझा अर्धा दिवस खाल्लास. आत काही नव्हतं, तरी.”

“हो.”

“पुढच्या वेळी वायर उपटण्याआधी मला विचारायचं.”

 म्हण हो, मी मनात म्हटलं. नुसतं हो म्हण.

“नाही, साहेब. आधी उपटेन, मग धावत येऊन सांगेन. विचारत बसले तर तोवर व्हायचं ते होऊन जातं.”

“मग निदान ओरड तरी. माझ्या हातात गरम चहा असतो.”

“ओरडेन.”

मालकांनी खण उघडला आणि एक पाकीट टेबलावर ठेवलं. “घे. कायम.”

बारकीने पाकिटाकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

“तुमचा लॅपटॉप, साहेब.”

“काय?”

“तो चाचणीत नव्हता. तुम्ही दिलाच नाहीत. सगळ्या छापखान्यात लाल बसवली आणि तो एकटा तसाच राहिला, तर उद्या जे येईल ते त्याच्यातूनच येईल. आणि तोवर मी कायम झालेली असेन, म्हणजे चूक माझीच.”

“माझ्या लॅपटॉपमध्ये काही नाही. दोन पत्रं आणि पत्त्यांचा खेळ.”

“पेनड्राइव्हमध्येही फोटोच होते.”

काचेबाहेर माझ्या हातातल्या गठ्ठ्याचे वरचे कागद घसरून खाली पडले आणि मी ते उचलले नाहीत. घे गं बाई ते पाकीट आधी, मी मनात ओरडत होते, लॅपटॉपचं सोमवारी बघ. काकाही हलले नाहीत.

 मालकांच्या कपाळावर ती आठी आली जी विक्रेता जास्त बोलला की येते, आणि नंतर माणूस बाहेर जातो. मग त्यांनी लॅपटॉपची वायर भिंतीतून काढली, ती स्वतः गुंडाळली, आणि लॅपटॉप टेबलावरून तिच्याकडे सरकवला. वर पाकीट ठेवलं.

“पत्त्यांच्या खेळाला हात लावलास तर बघ.”

“आधी तोच तपासणार,” बारकी म्हणाली, आणि दोन्ही उचलून बाहेर आली.

माझ्यासमोरून जाताना तिने खाली पडलेले कागद पाहिले. लॅपटॉप काखेत धरून ती वाकली, कागद गोळा करून माझ्या हातात दिले, आणि म्हणाली, “आई, तुझा कंप्युटर आज बंद करून जा. पडदा नव्हे. कंप्युटर.”